धुऱ्यावरच्या रानभाज्या : ओळखून खा, जपून ठेवा

(बिलोली परिसरातील शेतकरी बंधू-भगिनींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्या हा माझा विषय. त्यात तण नियंत्रण हा एक मोठा भाग असतो. कुंजर, केना, कुरडू, माठ, चिवळ, तरोटा, पाथरी अशी नावे मी फळ्यावर तणांच्या यादीत लिहितो, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास म्हणते, "सर, ही तर भाजी आहे." मुलांचे म्हणणे खरे आहे. आपण ज्याला तण म्हणतो त्यातले बरेचसे आपल्या आजीच्या तव्यावर शिजलेले आहे. 'तण खाई धन' ही म्हण आपण शेतीशाळेत पाठ करतो आणि तेच तण श्रावणात भाकरीबरोबर चवीने खातो. आज या दोन्ही गोष्टींची सांगड कशी घालावी, याविषयी मी आपल्याशी बोलणार आहे.

आपला बिलोली तालुका मांजरेच्या काठचा. पलीकडे तेलंगणा. कंदकुर्तीजवळ मांजरा गोदावरीला मिळते तो भाग आपल्यापासून दूर नाही. काळी, ओल धरून ठेवणारी जमीन, जून-जुलैचा पाऊस आणि धुऱ्यावरची सावली, एवढ्यावर या भाज्या आपोआप येतात. त्यांना बी लागत नाही, खत लागत नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा आपल्याकडे नेम आहे, आणि त्या दिवशीची भाजी धुऱ्यावर, परसात, माळावर आपणहून उगवलेल्या पानांची असते. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना अनेक घरी वाघाट्याची भाजी लागतेच. म्हणजे ज्यांनी हे नेम घातले त्यांनी वर्षातून एकदा तरी रानाची ओळख ठेवण्याची सोय करून ठेवली होती.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेली माणसे आजही गावात आहेत. कामावर मिळणारी सुकडी, बाहेरून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि तरोट्याचा पाला, यावर त्या वर्षी कित्येक घरे जगली. (योगायोग असा की त्याच वर्षी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झाले. २०१३ पासून त्याचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असे आहे.) या आठवणीचा एक तोटाही झाला. तरोटा, कुंजर ही गरिबाची, दुष्काळातली भाजी असा शिक्का बसला आणि हातात दोन पैसे येताच लोकांनी ती सोडली. पाहुण्याला कोबीची भाजी वाढायची आणि कुंजर मात्र चुलीपाशी बसून आपण खायची, अशी रीत पडली. मला ही रीत अजिबात पटत नाही.

कारण साधे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक. ज्या बाईच्या अंगात रक्त नाही तीच दिवसभर आपल्या सोयाबीनची निंदणी करते, आणि तिच्या खुरप्याखाली लोह, चुना व अ जीवनसत्त्व असलेल्या पानांचा ढीग पडतो. नुसत्या पालेभाजीने रक्तक्षय जातो असे मी म्हणणार नाही. पालेभाजीतील लोह शरीराला पूर्णपणे लागत नाही, त्यामुळे दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. परंतु भाजीवर लिंबू पिळले तर लोह अधिक लागते, आणि जेवणानंतर लगेच चहा घेतला तर ते कमी लागते. या दोन गोष्टींना पैसा लागत नाही.

आता तण म्हणून काय करायचे ते पाहू. सोयाबीन पेरल्यानंतर साधारण पहिला दीड महिना पिकाची तणाशी खरी झुंज असते. या काळात शेत स्वच्छ राहिले नाही तर नंतर कितीही खुरपले तरी गेलेले उत्पन्न परत येत नाही. म्हणून पेरणीनंतर २० ते २५ दिवसांनी पहिली आणि ३५ ते ४० दिवसांनी दुसरी कोळपणी व निंदणी करावी, ही शिफारस आहे तशीच राहील. रानभाजीच्या नावाखाली पिकात तण ठेवा, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. कुरडू किंवा माठाचे एक झाड पिकात बी धरून उभे राहिले तर हजारोंनी बी सांडते आणि पुढची अनेक वर्षे ते निघत राहते. पण बघा, पहिल्या निंदणीच्या वेळी हे तण जेवढे असते, तेवढेच ते खाण्यासाठी चांगले असते. फुलोरा आला की माठ चिवट होतो, कुंजराला रेषा धरतात आणि तरोट्याला उग्र वास येतो. म्हणजे पिकाच्या हिताची वेळ आणि स्वयंपाकघराच्या हिताची वेळ एकच आहे. तण वेळेवर उपटावे आणि त्यातले खाण्याजोगे ओट्यात घालून घरी न्यावे.

केन्याविषयी एक वेगळी सूचना. केना उपटून तिथेच टाकला तर त्याचा कांड्याचा तुकडा ओलीत पुन्हा मुळ्या धरतो. शिवाय केन्याला जमिनीखालीही फुले येऊन बी धरते, त्यामुळे वरवर खुरपून तो जात नाही. तो मुळासकट काढून शेताबाहेर टाकावा. कोवळ्या पानांची भजी चांगली होतात. तणाचा नाश करण्याची यापेक्षा चवदार रीत मला माहीत नाही.

येथपर्यंत सर्व सोपे आहे. खरी अडचण पुढे आहे आणि ती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वाढली आहे. ती म्हणजे तणनाशक.

मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, म्हणून सोयाबीनमध्ये पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी तण दोन-तीन पानांवर असताना इमॅझेथापायरसारखे तणनाशक फवारले जाते. ज्वारी व उसात अॅट्राझीन, टू-फोर-डी वापरतात आणि धुऱ्यावर ग्लायफोसेट. या औषधांना माझा सरसकट विरोध नाही. शिफारशीप्रमाणे आणि योग्य मात्रेत वापरली तर त्यांचा उपयोग आहे. परंतु एक गोष्ट समजून घ्या. डब्यावर फवारणी ते काढणी यातील जो प्रतीक्षा कालावधी लिहिलेला असतो तो पिकाच्या दाण्यासाठी ठरवलेला असतो. तणासाठी तो नसतो, कारण तण कोणी खाईल हे त्यात धरलेलेच नाही. फवाऱ्याचे औषध तर थेट तणाच्याच पानावर पडते. फवारणीनंतर दोन दिवस माठ हिरवागार दिसतो, मान टाकत नाही. काही झाडे वाचतात आणि पुन्हा फुटतात. ती फूट दिसायला कोवळी, लुसलुशीत असते. ती खाऊ नये. ज्या शेतात किंवा धुऱ्यावर तणनाशक फवारले तेथील रानभाजी त्या हंगामात खुडायचीच नाही, एवढा एकच नियम पाळावा. धुऊन किंवा उकळून पानात शिरलेले औषध जाते असे समजू नये.

कपाशीच्या शेतात धोका आणखी आहे. तेथे ऑगस्ट ते ऑक्टोबर कीटकनाशकांच्या फवारण्या चालतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. त्याच ओळींमध्ये तांदुळजा, कुंजर उगवलेले असते.

आणि हे औषध कोणाच्या पोटात जाते? मालकाच्या घरी बाजारातून भाजी येते. शेतातली भाजी ओच्यात नेते ती निंदणीला आलेली बाई. ती आज या शेतात, उद्या त्या शेतात. कोठे कधी काय फवारले, हे तिला माहीत नसते आणि कोणी सांगतही नाही. म्हणून माझी शेतमालकांना विनंती आहे, विनंती कसली, हे आपले कर्तव्यच आहे. निंदणीच्या बाया शेतात उतरण्यापूर्वी काय फवारले आणि कधी फवारले ते त्यांना स्पष्ट सांगावे. फवारलेल्या शेताच्या तोंडाशी काठीला तांबडे फडके बांधावे आणि त्या फडक्याचा अर्थ गावातील सगळ्यांना समजावून द्यावा. आणि धुऱ्याचा एक तरी तुकडा असा ठेवावा की जेथे फवाऱ्याचा तुषारही जाणार नाही. घरची भाजी, निंदणाऱ्या बायांची भाजी, सगळी त्या तुकड्यावरून घ्यावी. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, हे तर आपण जाणताच.

गटाराच्या पाण्यावर, उकिरड्याच्या काठावर आणि वाहत्या सडकेच्या कडेला वाढलेली भाजीही नको. उकिरड्यावरचा माठ व चाकवत दांडगा दिसतो, पण त्यात नायट्रेट साठलेले असते.

आता ओळखीविषयी. रानभाजीत चूक होते ती बहुतेक वेळा दोन सारख्या दिसणाऱ्या झाडांत. आपल्याकडचे मोठे उदाहरण तरोटा आणि कासविंदा यांचे आहे. तरोट्याच्या पानात सहसा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, पर्णिकेचे टोक गोल, रुंद असते आणि रात्री त्या मिटतात. शेंग बारीक, लांब, कोयतीसारखी वाकलेली. कासविंद्याला चार-पाच किंवा अधिक जोड्या असतात, पर्णिकेचे टोक निमुळते, टोकदार असते आणि शेंग चपटी, रुंद, कडेने फिकट असते. या शतकाच्या पहिल्या दशकात उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात, बिजनोर व आसपासच्या जिल्ह्यांत, पावसाळा संपताच लहान मुले अचानक आजारी पडून दगावत होती. मेंदू, यकृत आणि स्नायू या तिन्हींवर परिणाम होत असे. अनेक वर्षे तो विषाणूचा मेंदूज्वर समजला गेला. तेथील डॉक्टरांनी व शास्त्रज्ञांनी घरोघरी तपास केला तेव्हा ही मुले खेळता खेळता कासविंद्याच्या हिरव्या शेंगा खात होती असे निष्पन्न झाले. कासविंदा आयुर्वेदात खोकल्यावर सांगितलेला आहे, हे खरे. औषधी आहे म्हणून ते झाड निरुपद्रवी ठरत नाही, हे त्यावरून दिसते.

मुलांचा विषय निघाला म्हणून सांगतो. बायोडिझेलच्या नादाने एके काळी बांधोबांधी लावलेल्या चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या, बिया खाऊन शाळकरी मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या राज्यात पुन्हा पुन्हा येतात. बी चवीला शेंगदाण्यासारखे गोड लागते. शाळेच्या कुंपणाला ते झाड असेल तर काढून टाकावे. कळलावीचे फूल पावसाळ्यात कुंपणावर फार सुंदर दिसते, परंतु तिचा कंद प्राणघातक आहे आणि शिजवल्यानेही त्याचे विष जात नाही. धोतऱ्याचे कोवळे पान पालेभाजीत चुकून येऊ शकते. पिवळ्या धोतऱ्याचे बी मोहरीत मिसळले गेले तर काय होते ते १९९८ साली दिल्लीत दिसले. भेसळीच्या तेलाने अंगावर सूज येऊन अनेकांचे बळी गेले.

"शेळी खाते ते आपल्याला चालते" असे पुष्कळ जण म्हणतात. शेळी रुईचा पालाही खाते. आपण रुई खात नाही.

आपल्या सीमेच्या भागात नावांचाही घोटाळा होतो. बिलोलीत अनेक घरांत तेलुगू बोलली जाते. आपले कुंजर म्हणजे त्यांचे चेंचलि कूर, माठाला ते तोटकूर म्हणतात, कटुर्ले म्हणजे बोड काकर, आणि आपला कुरडू म्हणजे गुनुगु. बतुकम्माच्या सणाला पलीकडे फुलांची जी उतरंड रचतात त्यात गुनुगुची पांढरी-गुलाबी फुले आणि तरवडाची पिवळी फुले भरपूर असतात. आपण ज्याला तण म्हणून उपटतो त्याला नदीपलीकडे देवीचे फूल करतात! तेव्हा नावावर विसंबू नका. झाड हातात घेऊन, जाणत्या बाईला दाखवून ओळख करून घ्यावी. एकदा नव्हे, रोपावस्थेत, फुलात आणि फळात अशी तीनदा. शंका असेल तर झाड मुळासकट उपटून सगरोळीच्या कृषि विज्ञान केंद्रात आणावे. नुसते पान आणू नये, पानावरून आम्हीही चुकू शकतो.

शिजवण्याबद्दल थोडे. चिवळ, घोळ, माठ, चाकवत यांत ऑक्झॅलेट असते. निरोगी माणसाने आठवड्यातून दोन-तीन वेळा खाल्ले तर काही बिघडत नाही. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी मात्र या भाज्या जपून खाव्यात, आणि भाजी उकडून पाणी टाकून द्यावे. उकडल्याने काही जीवनसत्त्वे जातात, पण त्यांच्यासाठी तो तोटा परवडतो. आपल्याकडे चाकवत ताकात शिजवतात, ते फार शहाणपणाचे आहे. ताकातला चुना ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधून ठेवतो. आपल्या बायकांनी हे पुस्तकावाचून जमवले होते. पाथरी कच्चीच भाकरीबरोबर खातात. ती स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवावी.

औषधी वनस्पतींविषयी मला अनेक जण विचारतात. २०२० साली कोरोनाच्या काळात लोकांनी गावातल्या कडुनिंबावरच्या गुळवेली खरवडून नेल्या आणि महिनोन् महिने रोज काढे घेतले. पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असे काढे घेतलेल्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे लिहिले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीमुळे असे होऊ शकते, असे मंत्रालयाने सांगितले. त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर फोडांसारखे उंचवटे असतात. आपल्या खऱ्या गुळवेलीची साल पातळ, कागदासारखी सुटणारी असते आणि वरून दोऱ्यासारखी मुळे लोंबतात. वाद कोणत्याही बाजूने सुटला तरी आपल्यासाठी व्यवहार एकच. वैद्याला दाखविल्याशिवाय कोणताही काढा रोज आणि दीर्घकाळ घेऊ नये, आणि मधुमेहाच्या किंवा यकृताच्या रुग्णाने तर मुळीच घेऊ नये. गुळवेल साखर उतरवते, वरून गोळीही साखर उतरवते, आणि माणूस शेतात चक्कर येऊन पडतो. साप चावला, कुत्रे चावले, कावीळ झाली तर पाला शोधण्यात एक तासही घालवू नये. सरळ दवाखाना गाठावा.

औषधी वनस्पतींची लागवड करावी का? अश्वगंधा आणि शतावरी आपल्याकडे येतात, यात शंका नाही. पण या शतकाच्या सुरुवातीला सफेद मुसळीचे जे वारे सुटले होते ते आठवा. सोन्याच्या भावाने बेणे घेतले आणि माल तयार झाला तेव्हा बेणे विकणारा गावात नव्हता. आधी लेखी खरेदीदार, मग बेणे, हा क्रम उलटा करू नये.

शेवटी, या भाज्या टिकवायच्या कशा? त्यांचा मोठा शत्रू तणनाशकाइतकाच गाजरगवत आहे. माळ आणि पडीक जमीन ते भरून टाकते आणि खाली दुसरे काही उगवू देत नाही. येथे तरोटा आपल्या उपयोगी पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तरोट्याच्या वाळलेल्या शेंगा गोळा करून बी ठेवावे आणि पावसाळ्यापूर्वी गाजरगवताच्या जागेवर फोकून द्यावे. तरोटा दाट उगवून गाजरगवताला दाबतो. जोडीला मेक्सिकन भुंगे सोडावेत. हे भुंगे गाजरगवताचाच पाला खातात, पिकाला त्रास देत नाहीत. बी गोळा करताना शेंग तरोट्याचीच आहे ना, हे वर सांगितलेल्या खुणांवरून पाहून घ्यावे.

कटुर्ल्यांची मात्र वेगळी काळजी घ्यावी लागेल. २०२० पासून कृषी विभाग ऑगस्टमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो, शहरातील गिऱ्हाईक कटुर्ल्याला चढा भाव देते आणि त्यामुळे रानातील वेल ओरबाडली जाते. काही जण तर कंदच खणून नेतात. कटुर्ल्याचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. फूल येईपर्यंत ते ओळखू येत नाहीत. मादी फुलाच्या खाली इवलेसे काटेरी फळ दिसते, नर फुलाखाली ते नसते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये फुले आली की मादी वेलाला तांबडा आणि नर वेलाला पांढरा दोरा बांधून ठेवावा. प्रत्येक मादी वेलावरची दोन-चार फळे पिकून शेंदरी होईपर्यंत राहू द्यावीत, म्हणजे रानात बी पडत राहील. हिवाळ्यात वेल वाळून जातो पण कंद जिवंत असतो. आपल्या शेतातील खुणा केलेल्या वेलांपैकी थोड्यांचेच कंद उन्हाळ्यात काढून परसात किंवा धुऱ्यालगत दोन मीटर अंतराच्या ओळीत, दोन वेलांत एक मीटर ठेवून लावावेत. दर आठ ते दहा मादी वेलांमागे एक नर वेल हवा, नाहीतर फुले येतील आणि फळ धरणार नाही. मांडवाला तुऱ्हाट्या आणि जुनी तार पुरते. पहिल्या वर्षी फळे कमी लागतील, दुसऱ्या वर्षापासून वाढतील. फळ आतून बी टणक होण्यापूर्वी, हिरवे असतानाच तोडावे.